मनी नावाचा माझा भाऊ

कऱ्हाडच्या घराची किल्ली दादाने नव्या मालकाच्या हातात ठेवली, तेव्हा मी अंगणात बसून वेताच्या टोपलीचं झाकण सुतळीने बांधत होते. आत मनी होती, आईची मांजर. ओरडत नव्हती. फटीतून पंजा बाहेर काढून माझं बोट धरायला बघत होती. दादा म्हणाला, "मांजर घराशी राहतं, माणसाशी नाही. सोड तिला इथंच. हे लोक घालतील दूध." हे लोक पुढच्याच महिन्यात घर पाडणार होते आणि ते दादाला माझ्याआधी ठाऊक होतं. मी सुतळीला आणखी एक गाठ मारली.

आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दादा पुण्याहून सणावारी यायचा. मनी तिच्या पायाशी असायची. आईचं एकच सांगणं असे, "ती दाराशी आली की उठून दार उघडत जा गं. तिला कडी वाजवता येत नाही." आई गेल्यावर घर विकायचं ठरलं, भांडी वाटली, कपाटं वाटली. मनीचं नाव निघालं तेव्हा दादा लगेच म्हणाला, "आमच्या सोसायटीत चालत नाही." हे तो अशा स्वरात म्हणाला की जणू सोसायटी म्हणजे त्याचं कुलदैवत. त्या दिवशी मी त्याला बरंच बोलले. आईच्या मायेचा हा शेवटचा जीव तुला नकोसा झाला, तू दगड आहेस, असं काहीबाही. किल्ली दिली त्या दिवसानंतर त्याचा फोन नाही, माझाही नाही.

मी मोडी वाचते. आपल्याकडे या विद्येचं कौतुक पुष्कळ आणि काम थोडं. तंजावरला जुन्या मराठी कागदांची सूची करायला माणूस हवा होता, तीन वर्षांसाठी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, घर नाही, नवरा नाही, अशा बाईला आणखी काय हवं? तुम्ही सगळ्या नातलगांनीच मला धीर दिला होता, आठवतं का? तंजावर म्हणजे काय परकं, तिथे आपलीच माणसं आहेत, असं तुमच्यातले जे कोल्हापूरच्या खाली कधी उतरले नव्हते तेसुद्धा म्हणाले. मीही त्यावर विश्वास ठेवला. बेंगळुरूला गाडी बदलून, टोपलीवर ओढणी टाकून, तिकीट तपासनीस आला की खोकत खोकत, मी मनीला घेऊन इथे उतरले.

घर मिळायला तीन आठवडे गेले. एकटी बाई म्हटलं की दार अर्धंच उघडायचं. शेवटी कामाक्षीबाई भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी सोडून किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक, पण बोलणं मराठी. चार फ्लॅटची इमारत, खाली त्या आणि त्यांचा मुलगा शेखर, वरचा त्यांचाच एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कऱ्हाडाहून आलांत? ते कृष्णेवर आहे, नव्हे?" तीन आठवडे खुणा करकरून बोललेल्या माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माडीला त्याही माडीच म्हणत होत्या. तामिळ आणि इंग्रजीत टाइप केलेला करार शेखरने पुढे केला. इमारतीच्या असोसिएशनचे नियम त्यातच होते. मांसाहार नाही, प्राणी नाही, एकट्या बाईकडे पुरुष पाहुणा नाही. मी देवनागरीत सही केली. मनी त्या वेळी लॉजच्या न्हाणीघरात कोंडलेली होती. मला वाटलं, महिनाभराने ओळख वाढली की बाईंना सांगून टाकू. आपल्याच आहेत.

महिना गेला आणि सांगायचं राहूनच गेलं. माणूस लबाडीत किती पटकन रुळतो हे मी त्या दिवसांत शिकले. समोरच्या फ्लॅटचं दार वाजलं की मी रेडिओ मोठा करायची. मांजराची वाळू ऑफिसच्या पिशवीत, वर झेरॉक्सचे कागद ठेवून, बाहेर न्यायची. खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या आणि डासांचं नाव पुढे केलं. मासळीचा वास जिन्यात गेला असता, म्हणून मनी शाकाहारी झाली. पहिले दोन दिवस तिने दहीभाताकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी चाटूनपुसून खाल्ला, आणि पुढे तर दहीभाताचं तामिळ नाव, तयिर सादम, मी नुसतं घेतलं तरी कान टवकारायला लागली. माझी तामिळ तोपर्यंत दुधाच्या पिशवीपलीकडे गेलेली नव्हती.

संध्याकाळी मी कामावरून यायची आणि तासभर तिच्याशी बोलायची. दिवसभर शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची मराठी वाचायची आणि जिवंत मराठी बोलायला ही एक. काय बोलायची मी? आईने बोलावं तसंच. "मनी, आलीस का गं? चल, जेवून घे. खिडकीत बसू नकोस, कुणी बघेल. शहाणी ना माझी?"

आता यात काय वावगं आहे, असं कऱ्हाडात कुणालाही वाटेल. आपल्याकडे दर तिसऱ्या घरातली मांजर मनी असते. पण इथे मणी हा बाप्या. इथल्या प्रत्येक गल्लीत एक मणी असतो. कुणी सुब्रमणी असतो, कुणी नागमणी, आणि हाक मारताना सगळे मणीच. लहानपणी माझ्या तोंडी ण यायचा नाही, पाणी म्हणायचं तिथे पानी म्हणायची, म्हणून पुण्याच्या मावशीने मला सुट्टीभर छळलं होतं. इथे मी सरळ स्वच्छ न म्हणत होते आणि इमारतीच्या कानांना तो ण ऐकू येत होता.

एका रविवारी दुपारी शेखर वर आला. बसला नाही. मोडक्या इंग्रजीत आणि अवघडलेल्या तामिळमध्ये त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा की, समोरच्या घरातून तक्रार आली आहे. रोज संध्याकाळी मॅडमच्या घरात मणी नावाचा माणूस येतो. समोरच्यांना मराठी कळत नाही, त्यांनी नुसतं नाव ऐकलं. पण शेखर बाईंचा मुलगा. त्याला मराठी बोलता येत नाही, समजते मात्र बरीचशी. त्याने जिन्यात उभं राहून स्वतः ऐकलं होतं. जेवून घे, खिडकीत बसू नकोस, कुणी बघेल. हे तो मराठीतच म्हणाला, खाली बघत, कान लाल करून. मराठी अजिबात कळत नसती तर त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता. अर्धी कळत होती, तिने घात केला.

आतल्या खोलीचं दार माझ्या पाठीमागे होतं. ते उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. अब्रू राहिली असती आणि घर गेलं असतं. मी दार उघडलं नाही. म्हटलं, मनी माझा भाऊ. फोनवर बोलते त्याच्याशी. मग खिडकीचं काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं तेव्हा माझी जीभ आपोआप पुढे गेली. म्हटलं, डोक्याने जरा अधू आहे, बाहेर पडला की हरवतो, म्हणून सांगावं लागतं. शेखरचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने हात जोडून माफी मागितली. जाताना म्हणाला की वैत्तीश्वरन कोविलच्या देवळात नवस बोला, गुण येतो. पुण्यात सुखाने नांदणारा माझा दादा अशा रीतीने तंजावरात वेडा झाला. खोटं कशाला बोलू, मला त्यात थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामाक्षीबाई आल्या. कठड्याला धरत, एकेक पायरी थांबत. कॉफीचा टंबलर दोन्ही हातांत धरून बसल्या. मग म्हणाल्या,

"भावास 'आलीस' कोण म्हणतो?"

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"शेखरास ते कळत नाही. आला, आली, त्यास सगळं एकच. मजला कळतं. पहिल्या आठवड्यातच कळलं, की ही बाई. मग वाटलं, बाईमाणूस लपवायचं काय निमित्त? मग एक दिवस 'शेपूट' म्हणालात."

तीन महिने त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसत, वारा घ्यायला म्हणून. घरात मराठी बोलायला त्यांना कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला, सून तामिळ, नातवंडं इंग्रजी. लहान लेकराशी बोलावं तशी मराठी त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. हे ऐकून मला भडभडून आलं, आणि मी खुळ्यासारखी समजले की आता सुटलो आपण.

सुटका वगैरे काही नव्हती. बाईंनी ते अगदी शांतपणे सांगितलं. शेखरचा विश्वास बसलाय, समोरच्यांचा नाही. ते नजर ठेवून आहेत. उद्या ती जाळीत दिसली की नियम मोडला हेही ठरेल आणि भाऊ खोटा हेही. मग तुम्ही जाल, आणि असोसिएशनसमोर माझ्या मुलाची मान खाली जाईल. तुमचं तुम्ही बघा. तिरुवैयारूला माझी बहीण एकटी असते, मागे परसू आहे, पुढे कालवा आहे. ती ठेवून घेईल.

मी विचारलं, तुम्हाला ऐकायला आवडत होतं ना? त्या म्हणाल्या, "आवडत होतं." आणि टंबलर खाली ठेवून उठल्या.

त्यांचा राग मी अजून करते. ज्या बाईने पायरीवर बसून फुकटात माझं घर ऐकलं, तिनेच ते बंद करायला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला कुणी हाकललं नव्हतं. मी दुसरी घरं बघू शकले असते. एक बघितलंही, त्यांनी एकटी बाई म्हणून नकार दिला, आणि मी पुढचं बघितलं नाही. काम सोडून परत येऊ शकले असते. कुठे परत, हा प्रश्न होता, पण तोही मी नीट विचारला नाही. आठ दिवसांत मी टोपली माळ्यावरून काढली. सुतळी तीच होती. बांधताना मी स्वतःशी म्हणाले, मांजर घराशी राहतं, माणसाशी नाही. दादाचे शब्द माझ्या तोंडात इतके बेमालूम बसले की मी हात थांबवून क्षणभर दाराकडे बघितलं.

तिरुवैयारूच्या बसमध्ये ती सगळी वाट गप्प होती. बाईंची बहीण चांगली आहे. तिने बशीत दूध घातलं, नाव विचारलं. मी मनी म्हटलं. ती म्हणाली, मणी, छान. मी नाव दुरुस्त केलं नाही.

दीड महिन्याने मी गेले. मुद्दाम इतके दिवस गेले नव्हते, रुळू दे म्हणून. मनी परसात केळीखाली पसरली होती, अंगाने भरलेली, कालव्यातले मासे खाऊन तुकतुकीत. मी हाक मारली. "मनी, ये गं." तिने एक कान माझ्या बाजूला वळवला. नुसता कान. मी पुन्हा हाक मारली, आई मारायची त्या स्वरात. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून म्हातारीने तामिळमध्ये "वा, वा," म्हणजे ये, ये, अशी हाक मारली आणि मनी उठली, अंग ताणलं आणि माझ्या पायावरून शेपटी फिरवत आत गेली. मी दहीभाताचा डबा नेला होता. तो तसाच परत आणला.

हे सगळं तुम्हाला का लिहितेय? दादाला हे पत्र वाचून दाखवा, म्हणून. मी त्याला दगड म्हणाले होते, तो शब्द मी परत घेत नाही. मी त्यात माझंही नाव घालते, एवढंच. आणि तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले आहेत, त्यांनी आपलीच माणसं भेटतील या भरवशावर घराबाहेर पाऊल टाकू नये. भेटतात. नियमासकट भेटतात.

परवा संध्याकाळी कामावरून आले तर कामाक्षीबाई त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. अजून बसतात. वरून आता काही ऐकू येत नाही, तरी बसतात. शेखर स्कूटर लावत होता. त्या रविवारपासून तो माझ्याशी फार अदबीने वागतो. मला बघून थांबला आणि, मला बरं वाटावं म्हणून असेल, शब्द जुळवत जुळवत, सरला सार म्हणत, चक्क मराठीत म्हणाला, "मणी सार कसे आहे? आता फोन नाही?"

"बरी आहे," मी म्हटलं. "पण आता मला ओळखत नाही."

त्याने चुकचुकत मान हलवली, नवसाची पुन्हा आठवण करून दिली आणि आत गेला. माझी चूक त्याला कळली नाही. या गावात ती कळणारं एकच माणूस होतं, आणि ते पायरीवर बसून होतं. कामाक्षीबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या जरा बाजूला सरकल्या, मला वर जायला जागा व्हावी म्हणून, किंवा बसायला. घर म्हणून आता माझ्याकडे तेवढीच जागा आहे. मी तिथे बसले नाही. किल्ली काढली आणि वर गेले.