अलिबागची तारीख

"आणि पोर कुठाय?"

सरांनी कुठलाही निकाल समजावून संपवला की मागच्या बाकावरून हा प्रश्न यायचा. मुलाचा ताबा कुणाला मिळाला ते लिहून घेऊन आम्ही पेनाला टोपण लावत असू, आणि आमच्याच वर्गातल्या एक वकीलबाई विचारायच्या, "ते ठीक आहे सर, पण पोर आता कुठाय?"

सर निवृत्त न्यायाधीश. चष्मा पुसत म्हणायचे, "निकालपत्रात ते नसतं, बाई."

नेरूळला तेव्हा वकिली करणाऱ्यांसाठी संध्याकाळी एलएल.एम.चे वर्ग भरायचे. कौटुंबिक कायदा घेतलेले आम्ही मोजकेच. दिवसभर कोर्टात उभं राहून आलेल्या माणसांचा वर्ग कसा असतो, तुम्ही पाहिला असेल. शेजारी कुणी पेंगू लागला की बाई त्याच्या हातावर आवळासुपारी ठेवत. "झोप घरी, डिग्री इथं."

त्या जवळच्याच शिरवणे गावच्या. एरवी जपून, शहरी बोलत. मन हेलावलं की गावची बोली वर यायची.

या वयात त्या हे का शिकताहेत, ते मला त्यांचा वकील झाल्यावर कळलं. खांदेश्वरच्या सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं तेव्हा मुलगा अंगावर पीत होता. तो सासरीच राहिला. ताब्याचा अर्ज अलिबागच्या कोर्टात पडून. कधी न्यायाधीश बदलले, कधी समोरच्यांनी तारीख मागितली. भेटीचा हुकूम घेऊन बाई खांदेश्वरला गेल्या की मुलगा नेमका आत्याकडे गेलेला असायचा. एव्हाना तो शाळेत जाऊ लागला होता.

"दुसऱ्या बायांची पोरं मी मिळवून दिली, भाऊ," त्या एकदा मला म्हणाल्या. "माझंच अडलंय. म्हटलं, आपलं शिक्षण कमी पडत असेल."

शेवटी न्यायाधीशांनी मुलाला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही दोघंही होतो.

"आईकडे जायचंय का, बाळा?"

"आई घरी आहे," तो म्हणाला. "तिचे गुडघे दुखतात."

आजीला तो आई म्हणत होता. न्यायाधीशांनी बाईंकडे बोट केलं. "मग या कोण?"

त्यानं त्यांचा काळा कोट पाहिला. "वकील."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, धीर सोडू नका. हायकोर्टात जाऊ. कायदा आपल्या बाजूनं आहे."

"कायदा हाय," त्या म्हणाल्या. "पन त्याला रडत वढून आनू? आनि त्याला त्याचं हित म्हनू?"

अर्ज मागे घेतला. त्यांनी सही केली, माझे आभार मानले. परतीच्या एसटीत पेण आल्यावर त्या म्हणाल्या, "कान माज्या बाबांचे घेतलेत त्यानं." आणि ओढणी तोंडात कोंबून रडल्या. शेजारच्या म्हातारीनं काही न विचारता त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. परीक्षा तोंडावर आल्यावर मी शिरवण्याला गेलो. त्या ओटीवर बसल्या होत्या.

"एवढं वर्ष केलंत, ताई. पेपर तेवढे द्या."

"मुलाचं हित कशात, हा प्रश्न येनारच. उत्तर मना पाठ हाय, भाऊ. लिहवनार नाय."

मी पेपर दिले. तो प्रश्न आला. मी भरभरून लिहिलं आणि चांगल्या मार्कांनी पास झालो.

बाई हल्ली फक्त जमिनीच्या मोबदल्याच्या केसेस घेतात. कोर्टाच्या आवारात गावकऱ्यांच्या घोळक्यात दिसतात, लांबूनच मान हलवतात. मुलाच्या ताब्यासाठी झगडणाऱ्या बायका मात्र त्यांचं नाव सांगून माझ्याकडे येतात.

परवा एक आली, कडेवरचं मूल हिसकावून घेतलेली. म्हणाली, "बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. केस का नाही घेत त्या?"

मी म्हणालो, "त्या जमिनीचं काम बघतात." आणि वकीलपत्र काढलं.