एरियलमागचा मेणकागद

माझ्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. लग्नाच्या पंगतीत मला मुद्दाम मधोमध बसवतात. मी नकला करते, हात उडवून सांगते, आणि वाढपी भाताचं ताट घेऊन तसाच उभा राहतो. झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या गोष्टींचा तर माझ्याकडे साठाच आहे. पण ही त्यांत नाही. ही मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही, आणि त्याला मी सगळं सांगते — त्यानं ऐकलं नाही तरी.

कुठून धरू? टीव्हीपासून धरते. गमतीच्या बाजूनं शिरलं की जरा धीर येतो.

मी लग्न होऊन वर्ध्याहून झाशीला आले, तेव्हा आमच्या क्वार्टरात काळा-पांढरा टीव्ही होता आणि छतावर एरियल नव्हता. आधी होता. माकडांनी त्याचा दोनदा झोका केला, आणि दुसऱ्यांदा तो शेजारच्या अंगणात तुळशीवर जाऊन पडला. मग मामंजींनी — म्हणजे माझ्या सासऱ्यांनी — घरात ठेवायचा एरियल आणला. खाली गोल बूड, वर दोन लांब होणाऱ्या कांड्या, आणि मागून निघालेली एक चपटी वायर. तिची दोन टोकं टीव्हीच्या पाठीवरच्या दोन स्क्रूंखाली दाबून बसवायची. दिसायला नाजूक, स्वभावानं माझ्या सासूबाईंसारखा. आज जिथं प्रसन्न, उद्या तिथंच रुसलेला.

सासूबाई झाशीच्याच, जुन्या मराठी घरातल्या. त्यांची निम्मी मराठी पणजीच्या वेळची आणि निम्मी हिंदी. मला त्या ‘बहू’ म्हणायच्या. स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलं की त्यांचे डोळे माझ्या हातांवर. “बहू, गॅस मंदही करता येतो, हे तुमच्या वर्ध्याला कळलं नाही वाटतं अजून?” दुष्ट नव्हत्या, फार नेटक्या होत्या. आणि मी — तुम्हाला ठाऊकच आहे — मी कधीच नेटकी नव्हते.

एका संध्याकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. सगळ्यांनी कांड्या फिरवून पाहिल्या. मी सहज उठले, एरियल खिडकीजवळ नेला, एक कांडी पुरती ओढली, दुसरी जवळजवळ आडवी केली, आणि चित्र आलं. आरशासारखं. मी हात काढला तर गेलं, ठेवला तर आलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मामंजींना म्हणाल्या, “हिच्या हाताला गुण आहे हो.”

हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल? त्या घरात माझ्याबद्दल कुणी काढलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं. आठ दिवस मी राणी होते. बातम्या लागायच्या वेळी हाक यायची — “अगं बहू, पिक्चर लावून दे.” मी पदराला हात पुसत यायची, जरा थांबायची, डोळे मिटायची. मिटायची काय गरज होती? काहीच नव्हती. पण लोक बघत होते ना.

नवव्या दिवशी सासूबाईंनी एरियल उचलला आणि खिडकीखालच्या लोखंडी ट्रंकेवर ठेवला. चित्र आपोआप आलं. हात नको, डोळे मिटणं नको. त्या संध्याकाळी मला कुणी हाक मारली नाही. मी कणीक मळत होते, आणि बाहेरच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते.

आता सांगते. नाही, आधी मामंजींचं सांगते. त्यांच्याशिवाय हे कळायचं नाही.

मामंजी ड्रायव्हर होते, वाफेच्या इंजिनाचे. मऊरानीपूरच्या बाजूच्या गाड्या चालवायचे. स्टेशन जवळ आलं की त्यांची शिट्टी कॉलनीभर ऐकू यायची: एक लांब, दोन आखूड, आणि शेवटी एक जराशी ओढलेली. ती ऐकली की सासूबाई आंघोळीचं पाणी तापायला ठेवायच्या. पाणी तापायचं आणि मामंजी दारात उभे असायचे, इतका हिशेब पक्का. पण एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला इंजिनावर कधी पाहिलं नव्हतं. शेडमध्ये कुणाची बायको जाते? त्यांना डबा ठाऊक होता आणि शिट्टी ठाऊक होती. मधलं सगळं धुरात.

मामंजी रिटायर व्हायच्या महिन्यात दिल्लीहून टीव्हीवाले आले. वाफेची इंजिनं बंद होणार होती, म्हणून त्यांनी मामंजींच्या शेवटच्या फेरीचं चित्रण केलं. काही आठवड्यांनी पत्र आलं — रविवारी संध्याकाळी साडेपाचला दाखवणार. सासूबाईंनी ते पत्र देवाजवळ ठेवलं. शेजाऱ्यांनी बोलावलं, त्यांच्या छतावरचा एरियल शाबूत होता. सासूबाई नाहीच म्हणाल्या. मला मात्र आत येऊन सांगितलं, “लोकांच्या घरी बसून आपल्याच नवऱ्याकडे टक लावून बघायचं? मला नाही जमणार. इथंच बघेन. इतकी वर्षं डबा भरून दिला, तो हे खातात कसा, तेवढं तरी कळू दे एकदा.”

आणि आता ते.

ट्रंकेवर एरियल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सगळे झोपलेले असताना, मी टीव्हीच्या पाठीवरचा एक स्क्रू सैल केला होता. बिस्किटाच्या पुड्यातल्या मेणकागदाचा नखाएवढा तुकडा वायरीच्या टोकाखाली सरकवला आणि स्क्रू पुन्हा घट्ट केला. बाहेरून काही दिसत नव्हतं. आवाज यायचा, चित्र मात्र नुसत्या मुंग्या. मग हाक यायची. मी यायची, कांड्यांशी खेळ करायची, आणि वायर नीट करण्याच्या मिषानं मागून कागद ओढून घ्यायची. चित्र यायचं. सकाळी झाडू मारताना कागद पुन्हा आत. दोन महिने हे चाललं. दोन महिने माझ्या हाताला गुण होता.

त्या रविवारीही कागद आत होता. मी विसरले नव्हते. विसरले असते तर तुम्हाला हे सांगायला बसले असते का?

मी ठरवलं होतं. दुपारी प्रेम नगरला मैत्रिणीकडे जायचं आणि साडेपाचला पाच कमी असताना परतायचं. घरात गोंधळ, सासूबाई रडकुंडीला, मामंजी कांड्या फिरवतायत, आणि मी दारातून आत येते. हात लावते. चित्र. एखाद्या नाटकात शोभेल असा प्रवेश — नवरा ड्यूटीवर, म्हणून पाहणारे दोनच, पण काय पाहणारे. या कल्पनेनं मी मैत्रिणीकडे चहा पिताना स्वतःशीच हसत होते.

परतताना फाटक बंद झालं. मालगाडी आली आणि फाटकातच उभी राहिली. रेल्वेच्या घरातली सून, आणि मला अडवलं रेल्वेनंच. डब्यांखालून वाकून पलीकडे जाणारी माणसं होती. मी नाही गेले. साडी नवी होती.

फाटकाजवळ रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. त्यात रंगीत टीव्ही लावलेला, बाहेर माणसं उभी. खांद्यांमधून मला मामंजी दिसले.

काय दिसत होते. इंजिनाच्या तोंडावर झेंडूच्या माळा, डोक्याला गुलाबी साफा — कुठल्याशा स्टेशनावरच्या लोकांनी बांधलेला, थोडा वाकडा. गाडी थांबली तेव्हा त्यांनी गुडघ्यावर डबा उघडला. एक पोळी घेतली, मधोमध तोडली, मोठा तुकडा शेजारच्या फायरमनला दिला आणि लहान स्वतः खाल्ला. मग डब्यावरच्या फडक्यानं आधी डबा पुसला आणि नंतर हात. सासूबाईंच्याच घडीनं ते फडकं परत घातलं. आणि शेवटी ती शिट्टी. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, “क्या सीटी है, भैया.” मी त्याला सांगितलंही नाही की ते माझे सासरे आहेत. कारण तेव्हा मला एवढंच कळत होतं की घरी ते दिसत नाहीयेत.

मालगाडी हलली. मी धावतच घरी आले.

मामंजी ट्रंकेजवळ उभे होते, टीव्हीकडे पाठ करून, दोन्ही हातांत दोन कांड्या धरून. हात वर केलेले, खांदे थरथरत होते. सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, बहू उभी राहते तिथंच उभे राहा. कार्यक्रम संपून दुसरंच काही लागलं होतं. तरी ते विचारत होते, “आलं का? आता आलं का?”

आणि सासूबाई म्हणाल्या, “आलं, आलं. दिसलात हो तुम्ही. ठेवा आता हात खाली.”

मला वाटलं, सुटले. कसं कोण जाणे, पण आलं.

त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. “काही नाही आलं गं. नुसती राख उडत होती पडद्यावर. शिट्टी तेवढी ऐकली. हे इतका वेळ हात वर करून उभे — नाही म्हणवेना मला.” मग म्हणाल्या, “चूक माझीच. आजच्या दिवशी तुला जाऊच द्यायला नको होतं.”

बोलायची वेळ ती होती. तीन पावलांवर त्या उभ्या होत्या. मी काय बोलले?

मी म्हटलं, “मी पाहिलं, फाटकाजवळ. सांगू?”

आणि मी सांगितलं. हात उडवून, गुडघ्यावर डबा घेऊन, पोळी मोडून दाखवली. साफा सांगितला, माळा सांगितल्या, फडक्याची घडी सांगितली. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. “मोठा तुकडा त्याला दिला?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “म्हणजे हे उपाशीच राहायचे की,” त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड झाकलं. मग म्हणाल्या, “पुन्हा सांग.” लोकांसमोर रंगवून सांगितलेली माझी पहिली गोष्ट ती. ऐकणारं माणूस एकच होतं.

दिवे लागायच्या वेळी मी कागद काढला आणि गॅसवर जाळला. पुन्हा कधी घातला नाही. एरियल ट्रंकेवर, चित्र स्वच्छ. सासूबाई मामंजींना म्हणाल्या, “बघा, बहू घरात असली की कसं येतं.”

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या हिवाळ्यात मामंजी व्हरांड्यात उन्हाला बसले होते. मी चहा घेऊन गेले तर हळूच म्हणाले, “तुझ्या सासूबाई काल पाहुण्यांना सांगत होत्या, गुलाबी साफा किती शोभत होता म्हणून.”

मी म्हटलं, “शोभतच असेल, मामंजी.”

“तो मी उतरताना फायरमनला देऊन आलो. घरी आणलाच नाही. आणि आपल्या टीव्हीत गुलाबी दिसतं होय?”

मी कप पुढे केला. ते हसत होते, डोळ्यांनी. “त्यांना कळू देऊ नकोस मला कळलंय ते. मला ‘दिसलात, दिसलात’ म्हणून सांगताना बरं वाटतं त्यांना.” मग कप घेतला, फुंकर मारली, आणि विचारलं, “त्या दिवशी त्या एरियलला झालं तरी काय होतं गं?”

आयुष्यभर यंत्राशी बोललेला माणूस. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनच ते मला बोलायला दार उघडून देत होते? अजूनही मला सांगता येत नाही.

मी म्हटलं, “फाटकात मालगाडी उभी होती ना. एवढं लोखंड मधे आलं की चित्र जातं म्हणे.”

“असेल,” ते म्हणाले. “मालगाडी होती खरी.” आणि चहा प्यायले.

तो कार्यक्रम पुन्हा कधी लागला नाही. मामंजी गेले. नंतर केबल आली, एरियलचं काम संपलं, पण सासूबाईंनी तो टाकू दिला नाही. दसऱ्याला मामंजींचा इंजिनावरचा हातदिवा पाटावर मांडायच्या आणि त्याच्याशेजारी तो एरियल, कांड्या नीट पुसून. पूजा त्या स्वतः करायच्या. फक्त एरियलवर हळदकुंकू वाहायला मला बोलवायच्या. “तू वाहा, बहू. तुझ्या हाताला गुण आहे.”

सासूबाई होत्या तोवर दर दसऱ्याला मी वाकले, आणि माझ्या हातानं ते वाहिलं.