पिछाडीची शिट्टी

बातमी आली तेव्हा मी टायरच्या दुकानात बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर कुणीतरी केकवर साखरेची फुलं काढत होतं आणि आवाज बंद होता. फोनवर नाव आलं वासंतीचं, माझा मित्र दिलीप याच्या बायकोचं, पण बोलली तिची मुलगी केतकी. "अविकाका, बाबा गेला," एवढं ती मराठीत म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजीत. मी नुसता "हो, हो" करत राहिलो. बातमी अनपेक्षित नव्हती. दिलीप वर्षभर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून घरात फिरत होता आणि शेवटी शेवटी तर ते फिरणंही थांबलं होतं. तरी गाडी तयार झाल्यावर मी त्याच्या घराकडे जायच्या ऐवजी माझ्या जुन्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबलो. निवृत्त झाल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. इंजिन बंद केलं, थोडा वेळ तसाच बसलो, आणि मग गाडी वळवली. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला.

दिलीप जगदाळे मूळचा साताऱ्याचा. इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळण्यात त्याची उभी हयात गेली, पण स्वतःची ओळख तो 'किल्ले बघणारा माणूस' अशीच करून द्यायचा. कॉलेजात असताना गडांवर भटकणाऱ्या पोरांच्या टोळक्यात तो होता आणि त्या टोळक्याची पिछाडी कायम त्याच्याकडे असायची. पिछाडी म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायचं. वाटेला वळण आलं की पुढचा थांबतो. शेवटचा भिडू वळणाशी पोचला की पिछाडीवाला एक लांब शिट्टी मारतो. तिचा अर्थ एवढाच, की मागे कोणी राहिलेलं नाही, चला. शिट्टी ऐकू आल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही. ही पद्धत त्याने सातासमुद्रापार जशीच्या तशी आणली. आम्ही काही मराठी मंडळी दर शनिवारी सकाळी नदीकाठच्या पार्कमध्ये चालायला जातो. तिथली वाट इतकी सपाट आणि सरळ की हरवायचं म्हटलं तरी हरवता येऊ नये. तरी दिलीप सगळ्यांच्या मागून यायचा, प्रत्येक वळणावर गळ्यातली पितळी शिट्टी फुंकायचा, आणि कुत्री फिरवायला आलेले अमेरिकन दचकून बाजूला व्हायचे. "अरे, इथे काय वाघ खाणार आहे का आम्हाला?" मी विचारायचो. मी गिरगावचा, डोंगर दुरूनच साजरे यावर माझा ठाम विश्वास. "नियम म्हणजे नियम, अव्या," तो म्हणायचा. त्याचा आणखी एक नियम होता... दमलेला पुढे, दमदार मागे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घातलं की बाकीचे आपोआप त्याच्या चालीने चालतात. डब्लिनमध्ये दमण्यासारखं काहीच नसल्यामुळे हा नियम आम्ही नुसता ऐकून घ्यायचो.

त्याच्या या वेडाची झळ लागली ती केतकीला. भारतात गेलं की तिची मावसभावंडं वॉटर पार्कला जायची आणि ही बापामागून कुठल्यातरी गडाच्या पायऱ्या रडत चढायची. जरा मोठी झाल्यावर तिने एक दिवस जाहीर केलं, "नो मोर फोर्ट्स." त्यानंतर बापलेकीत बोलायला विषयच उरला नाही. भांडण असं नव्हतं. फोन झाला की तो तिच्याकडचं हवामान विचारायचा, ती इकडचं विचारायची, आणि मग फोन आईकडे जायचा. वासंती म्हणायची, या दोघांपेक्षा वेधशाळेत जास्त जिव्हाळा असेल. पुढे केतकीने कॉलेजात जपानी भाषा घेतली, क्युपर्टिनोला नोकरीला लागली, कामासाठी जपानला जाऊन आली. एका दिवाळीत घरी आली असताना तिने बापासमोर फोन धरला. फोटोत ढगांच्या वर आलेला एक डोंगरमाथा होता आणि त्यावर नुसते दगडी तट. इमारत एकही नाही. "ताकेदा," ती म्हणाली. "सामुराईंचा आहे." दिलीप चष्मा कपाळावर चढवून इतका वेळ बघत राहिला की स्क्रीन आपोआप बंद झाला. "हा तर आपला राजगड," तो म्हणाला. केतकी म्हणाली, "आय विल टेक यू." मी तिथेच चकली खात बसलो होतो. इतक्या वर्षांत मुलीने बापाला आपण होऊन कुठे चल म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

तिच्या सुट्या आणि याची निवृत्ती यांचा मेळ बसेपर्यंत मध्ये बराच काळ गेला. शेवटी ठरलं तेव्हा वासंतीने गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं आणि मला गाठलं. "भावजी, तुम्ही जा त्याच्याबरोबर. कोणीतरी हवं." मला वाटलं, गप्पांना हवं.

जपानातला पहिला मुक्काम सेकिगाहाराच्या रणांगणावर. रणांगण म्हणजे आता भातशेती, त्यात घरं, मधून जाणारी रेल्वे, आणि ज्या ज्या सरदाराची छावणी जिथे होती तिथे त्याचं निशाण. केतकी पुढे होऊन पाट्या वाचत होती आणि मराठी-इंग्रजीची खिचडी करून आम्हाला सांगत होती. सकाळी धुक्यात सुरू झालेली लढाई दुपारपर्यंत आटोपली, कारण एका बाजूचा एक सरदार समोरच्या डोंगरावर फौज घेऊन नुसता बसून राहिला आणि ऐन वेळी उलटला. "म्हणजे इथेही फितुरीच!" दिलीप म्हणाला, जणू गावाकडचं कोणी भेटलं. हरलेल्याची छावणी होती ती टेकडी आमच्या पार्कातल्या पुलापेक्षा फार उंच नसेल. आम्ही दोघं वर पोचून थांबलो, शिट्टीची वाट बघत. शिट्टी आली नाही. बऱ्याच वेळाने दिलीपच आला. "इथे लोक ट्रेनमध्ये फोनवरसुद्धा बोलत नाहीत," तो म्हणाला. "परक्या मुलुखात शिट्ट्या मारत फिरणं बरं दिसत नाही." केतकीने हात जोडले. "फायनली, बाबा!" लहानपणापासून त्या शिट्टीने तिला लाज आणली होती. मलाही बरं वाटलं. म्हातारपणी का होईना, माणसाला अक्कल आली म्हणायची.

हिमेजीचा किल्ला म्हणजे पांढरा शुभ्र, पोस्टकार्डावर असतो तसा. तिथे दिलीप दरवाजांवरच रमला. वाट सरळ दिसते, तिने गेलं की वळण येतं, वळणावर तट आडवा येतो, आणि दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. "गोमुखी बांधणी," तो सांगत होता. "शत्रूला पळत येऊ द्यायचं नाही. दमवायचं." तटातल्या गोल, चौकोनी, तिकोनी जंग्यांना, म्हणजे मारा करायच्या भोकांना, त्याने एकेक करून डोळा लावला. मुख्य इमारतीत जोडे काढून पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात आणि आतले लाकडी जिने शिडीसारखे उभे आहेत. तो जोडे काढायला वाकला, पुन्हा सरळ झाला आणि म्हणाला, "तुम्ही जाऊन या. वरती राहतो तो राजा. किल्ला म्हणजे तट, तो इथे खाली आहे." आम्हाला ते पटलं. त्याचं बोलणं नेहमी असंच असायचं. वरच्या मजल्यावरून आम्ही खाली बघितलं तर एका दगडी पायरीवर तो बसलेला दिसला. केतकीने हात हलवला, त्याचं लक्ष नव्हतं.

ताकेदाला एका छोट्या गाडीने गेलो. डोंगराच्या पायथ्याशी एक पाटी होती, तिच्यावर अस्वलाचं चित्र. केतकीने ती वाचली आणि टाळीच वाजवली. "बाबा, इथे बेअर्स आहेत! आवाज करत चला असं लिहिलंय. नाऊ यू कॅन ब्लो युअर शिट्टी!" आणि ती चढायला लागलीसुद्धा. मी मध्ये, दिलीप मागे. पहिल्या वळणावर ती थांबली, मी पोचलो, आणि आम्ही खाली बघत उभे राहिलो. झाडांतून तो दिसत होता. त्याने शिट्टी तोंडाला लावली. गाल फुगले. आवाज आला नाही. त्याने ती शर्टाला पुसली, पुन्हा लावली, आणि पुन्हा नुसतीच हवा गेली. "बाबा, इज इट ब्रोकन?" केतकी हसत ओरडली. मग तिचं हसू थांबलं आणि ती खाली धावली.

मी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि ती समोर उभी होती. त्याने तेव्हा सांगितलं, फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. उन्हाळ्यात निदान झालं होतं. वासंतीला माहीत होतं, आणखी कोणाला नाही.

"यू शुड हॅव टोल्ड मी."

"सांगितलं असतं तर तू तिकिटं कॅन्सल केली असतीस."

"ऑफ कोर्स केली असती!"

"म्हणून तर," दिलीप म्हणाला. दोन शब्द बोलायलाही त्याला मध्ये थांबावं लागत होतं.

मला शनिवार आठवले. गेले कित्येक महिने तो आमच्या फार मागून येत होता आणि शिट्टी उशिरा वाजत होती. पिछाडी सांभाळतोय, असं सगळे म्हणायचे. मागे राहणं हाच ज्याचा मान, तो खरोखर मागे पडला तर कोणाला कळणार? मी म्हणालो, परत फिरू, खाली चहा पिऊ, डोंगर कुठे पळून जात नाही. शहाण्या माणसाने म्हणावं तेच म्हणालो. केतकी आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. दिलीपने वर वाटेकडे एकदा बघितलं आणि जोड्याची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली. त्याने हट्ट धरला असता तर मी भांडलो असतो, पण त्याने तो धरला नाही... मला त्याचंच फार वाईट वाटलं. मग केतकी वळली, तिने त्याच्या गळ्यातून शिट्टी काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

"दमलेला पुढे," ती म्हणाली. "तुझाच रूल आहे. तू थांबलास की आम्ही थांबणार."

"आणि दमदार?"

"मी. अविकाका मध्ये."

असा आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या पुढे चालला. दहा पावलं, की बसायचं. पाच पावलं, की बसायचं. मागून आलेले जपानी म्हातारे-म्हाताऱ्या वाकून नमस्कार करून पुढे जात होते. प्रत्येक वळणावर केतकी शिट्टी फुंकत होती, फार वाईट फुंकत होती, आणि दिलीप मागे न बघता सांगत होता, "लांब... लांब." अस्वलं असतीलच तर ती केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेली असतील.

वर ढगबिग काही नव्हतं. स्वच्छ ऊन, दगडी तट, गवत, आणि खाली खेळण्यातल्यासारखं गाव. दिलीप एका दगडावर टेकला आणि श्वास जमल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठे?" गडावर गेलेला मराठी माणूस आधी पाण्याचं टाकं शोधतो, पाणी नसेल तर कितीही मोठा तट असून उपयोग काय? केतकी गडभर हिंडली, तिने असतील नसतील त्या पाट्या वाचल्या. पाण्याबद्दल कुठेही अवाक्षर नव्हतं. "असणार," तो म्हणाला. "इतकी माणसं काय दव चाटून राहिली? शोध तू." आणि ती शोधत बसली. परत आल्यावर तिने जपानी पुस्तकं मागवली, तिथल्या कोणाकोणाला ईमेल केले. रविवारी तिचा फोन आला की वासंतीने तो आपण होऊन दिलीपकडे द्यायचा. नळी लावलेला तो आणि क्युपर्टिनोची ती, दोघं एका डोंगरावरच्या पाण्यासाठी तास तास वाद घालायचे. हवामानाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ताकेदाचं पाणी मात्र त्याच्या हयातीत सापडलं नाही.

तो गेल्यापासून केतकी आईजवळच आहे, इथूनच ऑफिसचं काम करते. परवाच्या शनिवारी ती वासंतीला घेऊन पार्कमध्ये आली. आम्ही चालायला लागलो. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण मी पुढे होतो आणि ती मागे. पहिल्या वळणावर माझे पाय आपोआप थांबले. सगळेच थांबले. शेवटी केतकी आईचा हात धरून वळणाशी आली; शिट्टी तिच्या गळ्यात होती. ती नुसती हातात धरून केतकी उभीच राहिली.

"वाजव ना," मी म्हणालो.

"कशी वाजवू, काका? इट मीन्स की मागे कोणी राहिलं नाही." "इट्स नॉट ट्रू."

नदीवर बदकं होती, सगळे ती बघायला लागले. मग वासंती अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "ताकेदाला पुढे कोण चालत होतं?"

"बाबा."

"मग मागे काय बघतेस?"

केतकीने समोरच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं आणि शिट्टी तोंडाला लावली. यावेळी ती चांगली लांब वाजली; बदकं उडाली, एका बाईंचं कुत्रं भुंकायला लागलं. आम्ही निघालो. माझ्या पुढे कोणी नव्हतं, तरी मी जरा हळूच चाललो, पाच-दहा पावलांवर थांबत.