ड्रॉपच्या आधीची शांतता

हिंगणघाटला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. डीजे माझ्या दिराचा. ट्रक, स्पीकर, लाइट, सगळं त्याचं. त्याला गाणी वाजवता येतात, बनवता येत नाहीत. मला बनवायची होती. मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला. त्यावर मी दुपारी दुकान बंद असताना, मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ बघून सुरुवात केली.

पहिलं गाणं दिराला ऐकवलं.

"वयनी, हे गाणं होय का पिठाची गिरणी?"

त्याचं बरोबर होतं. ठोका, बेस, टाळ्या, सिंथची धून, सगळं मी पहिल्यापासून एकदम लावलं होतं. नाचणाऱ्याला वाट बघायला काही ठेवलंच नव्हतं. मग त्यातलं काढून टाकायला शिकले. आधी नुसता ठोका, मागून बेस. ठोका पडतो तेवढ्यापुरता बेस दाबायचा, नाहीतर ट्रकच्या स्पीकरवर दोघांचा लगदा होतो. टाळ्या वस्तीतल्या बायकांच्या, विहारात बसवून मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या. गाणं चढत जाऊन ठोका जोरात कोसळतो, त्याला ड्रॉप म्हणतात; सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ड्रॉपच्या आधीच्या जागेनं. तिथे मी सगळंच बंद केलं. एक श्वास घेण्यापुरती शांतता, आणि मग ठोका परत.

जयंतीच्या मिरवणुकीत हे गाणं वाजवायचं ठरलं. गाणं माझं आहे, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं.

चौकात ते लागलं. टाळ्या ऐकून बायका ओरडल्या, "आपल्याच व्हय वं!" गाणं चढत गेलं, थांबलं, आणि माझ्या शांततेत एका जाड आवाजात दिराच्या डीजेचं नाव घुमलं. आमच्याकडे प्रत्येक डीजे गाण्यात आपलं नाव घालतो, त्याला टॅग म्हणतात. मी टॅग ठेवला नव्हता. चांगल्या गाण्याला नाव ओरडावं लागत नाही, असं मला वाटलं होतं. पोरं त्या नावावरच उसळली.

"काऊन टाकलं?" मी ट्रकजवळ जाऊन विचारलं.

"रिकामी जागा होती, वयनी. मले वाटलं, माह्यासाठीच सोडली."

शेजारीण माझी समजूत घालायला लागली, "ट्रक त्याचा, मंग गाणं कोणाचं राहीन?"

लग्नसराईआधी त्यानं नवीन गाणं मागितलं. मी बनवलं, आणि ड्रॉपच्या आधी माझ्या आवाजात माझं नाव टाकलं. शांतता गेली तर गेली.

त्यानं ऐकलं आणि हसला. "बाईचं नाव वाजवलं तं वरातीतले हासतीन. काढून द्या."

"नाही काढत."

"मंग वाजवीन कोण?"

"नको वाजवूस."

नाहीच वाजवलं. नंतरही मी गाणी बनवली, ती लॅपटॉपमध्ये पडून आहेत. चौकासाठी बनवलेलं गाणं खोलीत हेडफोन लावून ऐकण्यात काही अर्थ नाही. दर सीझनला तो मागतो, मी देत नाही. त्याचं काही अडत नाही. जयंतीचं गाणं त्याच्याकडे आहेच. वरातीत ते लागलं की लोक त्याची तारीफ करतात.