स्लाइडमधली साडी
आज आईची ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि यशवंतपूरचं ते कोंदट दुकान आठवलं; तिथे वडिलांनी उघडलेल्या स्लाइडच्या डब्यालाही हाच वास होता. फोटोंच्या जुन्या रंगीत स्लाइड्ससाठी स्कॅनर घ्यायचा होता, आणि वडिलांनी पारखायला एकच स्लाइड आणली होती, लग्नानंतरच्या पहिल्या सहलीतली आई. दुकानदार एकेक स्कॅनर लावायचा, पडद्यावर आई जांभळ्या साडीत यायची, वडील मान हलवायचे. "हिरवी होती साडी. दुसरा दाखवा." मग दोघंही माझ्याकडे बघायचे. आई असती तर तिलाच विचारलं असतं. पाठीला खोकी, दोन्ही बाजूंना हे दोघं, मला उठायलाही जागा नव्हती. शेवटी "जुन्या स्लाइडचे रंग बदलतात अण्णा, घरी मी नीट करते," असं वडिलांना समजावून त्यातल्या त्यात बरा स्कॅनर उचलला. घरी वडील कॉम्प्युटरशेजारी बसून सांगत गेले, "अजून स्वल्प गडद," आणि साडी हिरवी झाली. तोच फोटो हॉलमध्ये लावलाय. वडील रोज त्याला फूल वाहतात. आणि आता डांबरगोळ्यांखालून तीच साडी निघाली आहे. तेच काठ, तीच बुट्टी, रंग जांभळा. ती मांडीवर घेऊन मी बसले आहे, आणि दाराबाहेरून वडील विचारताहेत, "काय सापडलं गं?"