पंपाच्या खोलीसमोरची रेषा

दिनेश गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी "कधी?" एवढंच विचारलं. त्याला आता महिना होत आला. घाटकोपरच्या आमच्या वसाहतीत आम्ही एकत्र वाढलो, एकाच संघातून कबड्डी खेळलो. त्या संघातला मी एकटा उरलोय, हे अजून पचत नाही.

आमच्या मैदानाला आम्ही ऐटीत स्टेडियम म्हणायचो. होतं काय, तर एका बाजूला सिमेंटच्या तीन पायऱ्या! त्याही वसाहतीतल्या गिरणी कामगारांनी सुट्टीच्या दिवशी घाम गाळून बांधलेल्या. लाल माती आली की पोरांचे गुडघे फुटू नयेत म्हणून आमच्या आया चाळण्या घेऊन खडे काढायला बसायच्या. दिनेश चढाईला निघाला की मधल्या रेषेला हात लावून तो कपाळाला टेकवायचा. मग स्पर्धा मॅटवर गेल्या, आमच्या पायऱ्यांवर पापड वाळू लागले. शेवटी पुनर्विकास आला आणि स्टेडियमचं पार्किंग झालं. मलाही मोठं घर मिळालं. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दिनेश मात्र रोज संध्याकाळी त्या पार्किंगमध्ये यायचा, चपला काढायचा आणि पंपाच्या खोलीसमोर वाकून जमिनीला हात लावायचा. लोक हसायचे. मला राग यायचा, कारण जागा साफ चुकीची होती!

"रेषा लिफ्टपाशी होती रे."

"डोकं फिरलंय तुझं. लिफ्टपाशी पायऱ्या होत्या ना!"

"मग तू काय पंपावर चढाई करायचास?"

शेवटच्या भेटीतही हेच भांडण. जाताना म्हणाला, "उद्या बघतो तुला."

परवा एकटाच खाली उतरलो. आता अडवायला कोणी नव्हतं. रेषा मी म्हणेन तिथे. लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो... काहीच वाटेना. मुकाट्याने पंपाच्या खोलीसमोर आलो, चपला काढल्या आणि वाकलो. तेवढ्यात वॉचमन धावत आला.

"काका, कुछ गिर गया क्या?"

"नहीं. इधर लाइन था."

त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "बघ, सांगत होतो ना!" म्हणायला दिनेश हवा होता. फार हवा होता. मी चपला हातातच घेतल्या आणि मैदान संपेपर्यंत अनवाणी चालत गेलो.