पांढऱ्या गाडीचा खरा भाव

ठाण्याच्या आवारात पिंपळाखाली उभी असलेली ती पांढरी गाडी अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. ते कागदपत्रांबरोबर मागे राहिले. ही साधी फसवणुकीची केस मात्र अधूनमधून मनात येते आणि मला स्वस्थ बसू देत नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा आली, कारण माझ्या नातवाने परदेशातून एका जुन्या गाडीचे फोटो पाठवले.

"आजी, दीड लाख किलोमीटर चाललीये. विकणारा सांगतोय तो भाव योग्य आहे का? तू पोलिसात होतीस, तुला माणसं कळतात."

उत्तर लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. गाडीचा भाव मला कळत नाही आणि माणसंही तो समजतो तितकी कळत नाहीत. शेवटी ठरवलं, ती केसच सविस्तर लिहावी. त्याच्यासाठी, त्याच्या बहिणीसाठी आणि आणखी कुणाला वाचायची असेल त्यांच्यासाठी. नाव कुणाचंच देणार नाही.

त्या वेळी मी मिरा रोडच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी संपली की तक्रारदारांची रांग लागायची. पार्किंगवरून भांडणं, भाडेकरूंची कटकट, हरवलेले मोबाइल. त्या रांगेत एके दिवशी राई गावच्या सासू-सुना येऊन बसल्या. सून तिशीतली, एका खासगी कचेरीत नोकरीला. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने घराबाहेर. सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना मिरा रोडला सिल्व्हर पार्कच्या बाजूला डायलिसिससाठी न्यावं लागे. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते. म्हणून सासूबाईंनी पाटल्या मोडल्या आणि सुनेने एका दलालाकडून जुनी गाडी घेतली.

"मी आंधळेपणाने नाही घेतली, मॅडम," सून सारखं तेच सांगत होती. "महिनाभर शोधत होते. बेचाळीस हजार किलोमीटर, एकच मालक, तोही डॉक्टर. तेवढ्या चाललेल्या दहा गाड्यांचे भाव काढले, ही त्यात बसत होती. घरात सगळ्यांना मीच सांगितलं, भाव बरोबर आहे म्हणून."

डायलिसिसला जाताना ती गाडी भर रस्त्यात बंद पडली, सासूबाई आत असताना. डायलिसिस चुकलं. गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं आणि मान हलवली: एवढं झिजलेलं इंजिन बेचाळीस हजारांचं असणं शक्यच नाही.

"मी पैल्याच दिवशी बोल्ले," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "मागचं दार नीट लागत न्हाय. दोनदा आपटावं लागतं. पन माझं कोन ऐकतंय?"

"आई, दाराचं राहू द्या ना आता."

"ऱ्हाऊ दे. मी बी आता न्हाय जात त्या डायलिसिसला. तुझी रजा संपली, माझ्या पाटल्या गेल्या, नि गाडी हाय बसलेली. पुरे झालं."

 सुनेला गाडीची चिंता नव्हती. सासूबाई नुसत्या रागावून बोलत नव्हत्या, हे तिला कळत होतं आणि मलाही कळलं. डायलिसिस सोडलेला माणूस किती दिवस काढतो, हे विचारायला डॉक्टरकडे जावं लागत नाही.

मी तक्रार अर्ज घेतला आणि वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, "दिवाणी बाब आहे. ग्राहक मंचात जाऊ द्या त्यांना." वरवर पाहता त्यांचं बरोबर होतं. कागदपत्रं जागेवर होती, भाव खरेदीदाराने स्वतः मान्य केला होता आणि पावतीवर 'गाडी जशी आहे तशी' असा शिक्का होता. भाव जास्त लावणं हा गुन्हा नाही. खोटं सांगून भाव लावणं हा गुन्हा आहे आणि ते खोटं विकणाऱ्याला विकतानाच ठाऊक होतं हे दाखवावं लागतं. मीटर मागे फिरवलं असेल, तर ते आधीच्या मालकाने फिरवलं की दलालाने?

खबर आली ती फोनवरून. विकणाऱ्या दलालाच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका गाडी-दलालाचा आवाज: "मॅडम, डॉक्टर-बिक्टर कोणी नाही. त्याच्याकडे लॅपटॉपवाला येतो, मीटर मागे करून जातो. माझं नाव येता कामा नये." खबर देणाऱ्याला न्यायाचा कळवळा असतो असा माझा अनुभव नाही. बहुतेकदा शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक जास्त जातं हे त्याला बघवत नसतं. पण मत्सरी माणूस शेजाऱ्याकडे फार बारकाईने बघत असतो, म्हणून त्याचं ऐकून घ्यावं. आरटीओकडे चौकशी केली, तर कागदावरचा आधीचा मालक एका ट्रॅव्हल्सवाल्याचा मेहुणा निघाला. तेवढ्यावर वरिष्ठांनी गुन्हा दाखल करायला परवानगी दिली. गाडी टोचन करून आवारात आणली.

दलालाला चौकशीला बोलावलं. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गुळगुळीत. दुकान त्याचं आणि त्याच्या काकांचं भागीदारीत. काका गाड्या विकत घ्यायचे, हा विकायचा.

"मीटर जे दाखवतंय ते मी दाखवलं, मॅडम. मी काय गाडीच्या पोटात शिरून बघतो?"

"डॉक्टरची गाडी असं कुणी सांगितलं?"

"एजंट बोलला."

"कुठला एजंट?"

"फोन बंद येतोय त्याचा. मी पण शोधतोय. माझी पण फसवणूकच झालीये ना!"

आमचे हवालदार जबाब लिहिता लिहिता थांबले. "म्हणजे तक्रारदार वाढला, मॅडम. ह्यालाही पावती देऊ का?"

तो हसला. त्याचं ते हसणं मला दिवसभर टोचत राहिलं. प्रत्येक उत्तर तयार होतं, एकाचं दुसऱ्याशी जुळत होतं. खरं बोलणाऱ्याचं इतकं जुळत नाही. तो अडखळतो, मागे जातो, चुकलेलं दुरुस्त करतो. पण हे न्यायालयात सांगता येत नाही. त्याला सोडून द्यावं लागलं. मी चहा घेतला तो तसाच गार झाला. सुनेने फोन करून सांगितलं, की आज कसंबसं रिक्षाने नेलं, पण परवाचं आई नक्की नाही म्हणतायत.

परवाच्या दिवशी मी दोघींना पुरवणी जबाबाला बोलावलं, डायलिसिसची वेळ दुपारची होती म्हणून सकाळीच. दलालालाही बोलावलं आणि धंद्याचा परवाना मागवला. परवाना घरी राहिला होता; तो घेऊन काका येणार होते. पुतण्याने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, की पोलिसांना कागद बघायचाय.

माणूस ठाण्यात आला की आधी पाटी वाचतो, मग कुणी ओळखीचं दिसतंय का बघतो, मग घसा खाकरतो. मी खिडकीतून पाहत होते. काका फाटकातून आत आले आणि सरळ पिंपळाखालच्या पांढऱ्या गाडीकडे वळले. ही गाडी त्यांच्या हाताखालून गेलेलीच नव्हती. पुतण्याने ती परस्पर घेतली होती आणि दुकानात न आणताच फोटोंवर विकली होती. तरी काकांचा हात आपोआप बॉनेटवर गेला. आवारातल्या इतर गाड्यांवर जप्तीची धूळ होती, ही तेवढी चकचकीत होती. जन्मभर गाड्या घेतलेल्या माणसाला ती नुसती ओलांडून जाता आली नाही.

गाडीची किल्ली घेऊन मी बाहेर गेले आणि दारं उघडली. "काय बघताय, काका?"

"काही नाही मॅडम, सवय. तुमच्यापैकी कुणाची आहे काय?"

"विकायला काढली तर काय येईल?"

मी खोटं काही सांगितलं नाही. पण एवढं विचारल्याबरोबर काकांचा चेहरा पडला, ओठ खाली ओढले गेले. भाव पाडून घेणाऱ्याचा तो धंद्याचा चेहरा होता.

"राग नका मानू. हिच्यात काही राहिलं नाही. सीट कव्हर नवं, स्टिअरिंगचं कव्हर नवं, पेडलचं रबर नवं. कमी चाललेल्या गाडीला कोण कशाला रबर बदलेल? सीटच्या कडेला हात लावा, फोम बसलाय. सीटचा पट्टा ओढा. बघा, परत जायला किती कंटाळा करतोय." ते गोल फिरून मागच्या डाव्या दाराशी आले आणि त्यांनी दार उघडून लावलं. ते लागलं नाही. पुन्हा आपटलं, तेव्हा लागलं. "हे बघा. घरच्या गाडीचं पहिलं ढिलं पडतं ते ड्रायव्हरचं दार. मागचं डावं गेलं म्हणजे भाड्याची. दिवसभर पॅसेंजर ह्याच दाराने चढणार, उतरणार, आपटणार. अडीच लाख तरी पळालीये. मी तर..." आणि त्यांनी भाव सांगितला. सुनेने दिला होता त्याच्या निम्म्याहून कमी.

व्हरांड्यातल्या बाकावरून सासूबाईंचा आवाज आला, "बघ! मी बोल्ले न्हवते?"

आतून पुतण्या धावत आला. "काका, गप्प बसा! एक शब्द बोलू नका!"

काका गोंधळले. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातली किल्ली घेऊन पुढचं दार उघडलं आणि ती फिरवली. मीटरचे आकडे उजळले. 

"बेचाळीस?" ते बाहेर येऊन म्हणाले. "ही तू विकलीस? कुणाला?"

पुतण्याने व्हरांड्याकडे पाहिलं. काकांनी त्याच्या नजरेच्या रोखाने बाकाकडे पाहिलं. तिथे सासूबाई बसल्या होत्या, हाताला डायलिसिसची पट्टी, मनगटं मोकळी.

"भाव पाडायला शिकवलं मी तुला," काका म्हणाले. "हे कुणी शिकवलं?"

आवारातल्या त्या बोलण्याला पुरावा म्हणून फारशी किंमत नव्हती. पण कोठडीच्या भीतीने जे होत नाही ते ज्याने धंदा शिकवला त्याच्या एका प्रश्नाने होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पुतण्या बाकाच्या टोकाला बसला आणि अडखळत बोलू लागला. दुपारनंतर त्याने गोदाम दाखवलं. पंचांसमक्ष गोणीतून निघाली ती गुळगुळीत झालेली पेडलची रबरं आणि कुठल्याशा कंपनीच्या माणसांची ने-आण करून फाटलेली सीट कव्हरं. लॅपटॉपवालाही सापडला.

पण त्याआधी आवारात आणखी एक गोष्ट झाली. सून घड्याळाकडे पाहत होती. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "माझी गाडी बाहेर आहे. मी सोडतो."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. सासूबाईंनीच विचारलं, "तुझ्या गाडीचं दार लागतं काय?"

"एकदाच लावायचं, आई."

"किती पळालीय? खरं सांग."

"एक लाख ऐंशी हजार. क्लच बदललाय. एसी मध्ये मध्ये बंद पडतो."

 सासूबाई सुनेचा हात धरून उठल्या. "चल मग. उशीर होतोय."

दोषारोपपत्र गेलं. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. काकांनी स्वखर्चाने इंजिन आणि दार दुरुस्त करून दिलं आणि त्यांनीच सांगितलेल्या भावाच्या वर घेतलेले पैसे परत केले. सुनेने गाडी परत केली नाही. आता ती किती चाललीये हे ठाऊक आहे, म्हणाली. पाटल्या काही पुन्हा झाल्या नाहीत. परत मिळालेल्या पैशांत एक बांगडी झाली. ती घालून सासूबाई मागच्या डाव्या बाजूला बसून जाताना मला मिरा रोडला कितीदा तरी दिसल्या. पुतण्या सुधारला की नुसता सावध झाला, हे मला कळलं नाही. 'एकच मालक, कमी चाललेली' अशी जाहिरात दिसली की आजही माझा जीव खालीवर होतो.

तर बाळा, दीड लाख किलोमीटर हा दोष नाही. तो आकडा विकणाऱ्याने आपण होऊन सांगितला असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे. गाडी नीट बघून झाली की त्याला एवढंच विचार: हीच गाडी उद्या मी तुला विकायला आणली, तर काय देशील? मग गप्प राहा. त्याला बोलू दे, गाडीला नावं ठेवू दे. तो काय सांगतो आणि सांगताना त्याचा हात गाडीवर कुठे कुठे जातो, ते बघ. तुझा भाव त्यातून निघेल.

तुमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून मागचं उजवं दार स्वतः लावून बघ. एकदाच. आणि ते लागलं की लगेच मला कळव.